‘व्हिम्झिकल’ला सरसकट ‘लहरी’ म्हणावं का?

पानगळ

नमस्कार मंडळी,

मुलांसाठीच्या एका इंग्रजी चित्रपुस्तकाचं भाषांतर सध्या करते आहे. मजकूर अगदी थोडा आहे, पण एका शब्दापाशी येऊन काम अडलंय. शब्द आहे ‘व्हिम्झिकल’. पुस्तकात तो चार ठिकाणी येतो आणि चारही ठिकाणी मला वेगळा ऐकू येतो.

पहिल्यांदा येतो प्रस्तावनेत, ‘व्हिम्झिकल इलस्ट्रेशन्स’ असा. चित्रं कशी आहेत ते सांगते. एक मांजर ढगाला शिडी लावून कपडे वाळत घालतंय. एका घराचं धुराडं किटलीच्या तोटीसारखं आहे. घड्याळाच्या काट्याला झोका बांधून दोन मुंग्या झुलतायत. दुसऱ्यांदा तो गोष्टीतल्या आजीच्या टोप्यांना लावलाय. तिच्या एका टोपीवर शिडांचं गलबत आहे, दुसरीवर खरोखर फिरणारी पवनचक्की. तिसऱ्यांदा राजाला. हा राजा रोज सकाळी नवा कायदा काढतो आणि संध्याकाळी मोडतो. आणि शेवटच्या पानावर आजी त्या राजाकडे बघून हसते, ते हसू ‘व्हिम्झिकल स्माइल’.

संपादकांचं म्हणणं असं, की मुळात एकच शब्द आहे तर मराठीतही एकच ठेवा, शब्दकोशात ‘लहरी’ दिलाय, तोच सगळीकडे वापरा. ‘लहरी राजा’ छान बसतो, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ‘लहरी चित्रं’? ‘लहरी टोप्या’ म्हटलं की टोप्यांना मधूनच डोक्यावर बसायचा कंटाळा येतो असं वाटतं. आणि ‘लहरी हसू’ मोठ्यानं वाचलं तर मुलांना काय समजेल?

मला तीन गोष्टी हव्यात. शब्दाचा नेमका अर्थ काय, तो कौतुकाचा आहे की नावं ठेवण्याचा, आणि ‘क्वर्की’, ‘फॅन्सिफुल’, ‘कप्रिशस’, ‘एक्सेंट्रिक’ या त्याच्या शेजाऱ्यांपासून तो वेगळा कसा ओळखायचा. अशी पुस्तकं मुलं पन्नासदा वाचून घेतात. त्यांच्या कानात बसणारा शब्द बरोबर असावा असं फार मनापासून वाटतं.

सावळी

पानगळ, उच्चाराबद्दल आधी थोडं, कारण पुस्तक मोठ्यानं वाचलं जाणार आहे आणि पालक मूळ इंग्रजीही वाचतील. यातला ‘एस’ हा ‘म्युझिक’मधल्यासारखा आहे, त्यामुळे ‘व्हिम्सिकल’ नको. आघात पहिल्या अवयवावर, व्हिम्-वर. सुरुवातीचा ‘डब्ल्यूएच’ बहुतेक ठिकाणी साध्या ‘डब्ल्यू’सारखा उच्चारतात, स्कॉटलंड, आयर्लंडकडे काही जण अजून त्यात ह-कार ठेवतात. नाम हवं असेल तर ‘व्हिम्झी’. त्याचं स्पेलिंग शेवटी ‘वाय’ लावून होतं तसं ‘ई-वाय’ लावूनही होतं, दोन्ही चालतात.

अर्थाचं खिळेजुळारीकाका सांगतील. त्यांनी हा धागा पाहिला की सुटका नाही. :)

खिळेजुळारी

पानगळताई, तुमचा कान बरोबर सांगतोय. चारही ठिकाणी ‘लहरी’ घालू नका. संपादकांना हे दाखवायचं असेल तर खुशाल दाखवा, म्हणून जरा सविस्तर लिहितो. शब्दकोशांची मुद्रितं तपासण्यात माझं आयुष्य गेलं आणि या एका शब्दावर माझं प्रेम आहे.

आधी त्याचं घराणं. इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘व्हिम-व्हॅम’ असा एक शब्द सापडतो. आपल्याकडे अटरमटर, झगमग होतात तसा नादावर बांधलेला जोडशब्द. अर्थ काय, तर शोभेची चिमुकली वस्तू, बिनउपयोगाचा पण डोळ्याला गोड वाटणारा ऐवज. ‘व्हिम्झी’ येतो 1600च्या आसपास, आणि ‘व्हिम्झिकल’ हे विशेषण सतराव्या शतकाच्या मध्याला रुळलेलं दिसतं. ‘व्हिम’ हा सुटा शब्दही त्याच सुमाराचा. काही अभ्यासक हे सगळं कुळ जुन्या नॉर्स भाषेतल्या एका क्रियापदाशी जोडतात, ज्याचा अर्थ नजर इकडेतिकडे भिरभिरणं. व्युत्पत्ती म्हणून ती निर्विवाद नाही, पण अर्थाला ती इतकी चपखल बसते की मी ती मनातून काढू शकत नाही.

म्हणजे या घराण्यात पहिल्यापासून दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदतायत: एक वस्तू आणि एक मनःस्थिती. हाती धरता येईल असं खेळणं, आणि डोक्यात अचानक उठलेली ऊर्मी. ‘लहरी’ ही फक्त दुसरी गोष्ट सांगतो, आणि तुमची अडचण नेमकी तिथे आहे.

मराठीत ‘लहर’ कशी वापरतो बघा. लहर येते. झोपेची लहर येते, विषाच्या लहरी येतात, रागाची लहर मस्तकात जाते. लाट अंगावर येते तशी ती येते, माणसाला विचारून येत नाही. म्हणून तर ‘आली लहर केला कहर’. लहरी माणसाच्या आसपास राहणाऱ्याला त्याच्या लहरींचं भोगावं लागतं. लहरी पाऊस, लहरी साहेब, लहरी नवरा. कुठेही कौतुक नाही. इंग्रजीतल्या ‘व्हिम्झिकल’चा हाही एक अर्थ आहेच. कायद्याच्या इंग्रजीत तर तोच चालतो: एखादा निर्णय ‘आर्बिट्ररी अँड व्हिम्झिकल’ आहे असं लिहिलं की त्याला कसलाही आधार नाही, मनात आलं आणि ठोकून दिलं, असा स्पष्ट ठपका असतो. ‘ॲट द व्हिम ऑफ’ म्हटलं की कुणाच्या तरी मर्जीवर दुसऱ्या कुणाचं तरी नशीब टांगलेलं आहे. तुमचा राजा या जातीचा. त्याला ‘लहरी’ म्हणा, बेलाशक म्हणा.

पण चित्रं आणि टोप्या वेगळ्या जातीच्या आहेत. तिथे मला दोन गोष्टी फार उपयोगी वाटतात.

काचेच्या कारखान्यांत कारागीर दिवसाचं काम उरकलं की भट्टीत उरलेल्या काचेतून स्वतःसाठी काहीबाही घडवत. काचेच्या हातकाठ्या, काचेच्या टोप्या. बाजारात मागणी नाही, मालकानं सांगितलेलं नाही. हात मोकळा होता, काच गरम होती, केलं. या वस्तूंना इंग्रजीत ‘व्हिम्झी’ म्हणतात आणि संग्राहक त्या मोठ्या आवडीनं जमवतात. दुसरी गोष्ट लाकडी जिगसॉ कोड्यांची. साधे वळणदार तुकडे कापता कापता कापणारा मध्येच एखादा तुकडा पक्ष्याच्या, छत्रीच्या, पळणाऱ्या कुत्र्याच्या आकाराचा कापतो. कोडं सोडवायला त्याची गरज नसते. तो हातात आला की सोडवणाऱ्याला हसू फुटतं, एवढंच त्याचं काम. त्या तुकड्यालाही ‘व्हिम्झी’च म्हणतात.

आता या दोन्हींत काय आहे? काठी काचेची करायची तर कसब लागतं. लाकडाचा पक्षी शेजारच्या तुकड्यांत घट्ट बसायचा तर सूतभर चूक चालत नाही. अंगावर आलेल्या लाटेतून हे होत नाही. हे रचलेलं असतं, जपून केलेलं असतं, फक्त गरजेपोटी केलेलं नसतं. मराठीत या वृत्तीला नेमका शब्द आहे, हौस. लहर येते, हौस असते आणि ती पुरवावी लागते. वस्तूला लावलेला ‘व्हिम्झिकल’ म्हणजे हौसेनं घडवलेलं, वास्तवाचा नियम मजेनं थोडा वाकवलेलं, आणि बघणाऱ्याला त्या मजेत सामील करून घेणारं. हा अर्थ कौतुकाचा आहे.

कुठला अर्थ घ्यायचा हे ओळखायला मी एक प्रश्न विचारतो: याचा त्रास कुणाला होतो का? राजाच्या कायद्यांचा प्रजेला होतो, म्हणून तो लहरी. आजीच्या पवनचक्कीचा कुणालाच होत नाही. उलट बघणारा जागीच थबकतो. तिथे ‘लहरी’ हा अन्याय आहे.

आता शेजारी. ‘कप्रिशस’ फक्त पहिल्या अर्थाचा आहे, त्यात गोडवा जवळजवळ नाही. तो इटालियन ‘काप्रिच्चो’वरून आला. त्याचा जुना अर्थ अंगावर काटा येणं, आणि फोड करतात ती ‘डोकं’ आणि ‘साळिंदरासारखा काटेरी प्राणी’ अशी, म्हणजे केस ताठ उभे राहिलेलं डोकं. पुढे शेळीच्या उड्यांशीही त्याचा संबंध लोकांच्या मनात जुळला, कारण ‘काप्रा’ म्हणजे शेळी. गंमत अशी, की कलेत गेल्यावर हाच शब्द मवाळ झाला: संगीतातला ‘कप्रीस’ म्हणजे मोकळ्या बांधणीची रचना, आणि चित्रकलेतला ‘काप्रिच्चो’ म्हणजे खऱ्या इमारती काल्पनिक जागी मांडून केलेलं दृश्य. माणसाला किंवा नियतीला ‘कप्रिशस’ म्हटलं की मात्र धडकीच भरते.

‘एक्सेंट्रिक’ माणसाचा असतो, आणि कायमचा असतो. मूळ ग्रीक, ‘केंद्राबाहेरचा’. खगोलशास्त्रात ज्या वर्तुळाचं केंद्र पृथ्वीवर नाही त्याला तो लावत. विक्षिप्त, तऱ्हेवाईक ही त्याची चांगली मराठी रूपं. ‘क्वर्की’मध्ये एखादी खोड असते, एखादा तिरका कोपरा असतो. मुद्दाम केलेलं असेलच असं नाही. घराचा दरवाजा चुकून तिरका बसला तरी घर ‘क्वर्की’ होऊ शकतं. ‘व्हिम्झिकल’ व्हायला तो दरवाजा कुणीतरी मजेत तिरका बसवायला हवा. ‘फॅन्सिफुल’ कल्पनेच्या बाजूला झुकतो, ‘फॅन्सी’ हे ‘फँटसी’चंच आखडलेलं रूप आहे. एखादी योजना ‘फॅन्सिफुल’ म्हटली तर ती हवेतली आहे, प्रत्यक्षात यायची नाही, असा शेरा असतो. व्यापारचिन्हांच्या कायद्यात मात्र ‘फॅन्सिफुल’ नाव म्हणजे शुद्ध बनवलेलं, कुठल्याच भाषेत आधी नसलेलं नाव, आणि अशा नावाला सगळ्यांत भक्कम संरक्षण मिळतं. ‘कोडॅक’ हे त्याचं ठरलेलं उदाहरण.

तुमच्या चारांसाठी मराठी शब्द सुचवण्याआधी एक विचारतो. प्रस्तावना मुलांसाठी आहे की पालकांसाठी?

रेषावेडा

काकांचा ‘त्रास कुणाला होतो’ हा प्रश्न आवडला, पण एका बाबतीत मी अडतो.

मी पुस्तकांसाठी चित्रं काढतो. गेल्या काही वर्षांत कामाची मागणी करणाऱ्या पत्रांत ‘व्हिम्झिकल’ इतक्यांदा येतो की त्याची धार गेली आहे. फिके गुलाबी रंग, गाल लाल असलेले मशरूम, वळसेदार अक्षरं, टोपी घातलेला बेडूक. हे सगळं टाकलं की चित्र ‘व्हिम्झिकल’ झालं असं धरतात. त्यात कुठलाही नियम वाकवलेला नसतो. ते फक्त गोंडस असतं. शब्दाचा आजचा वापर विचारात घ्यायचा तर हाही अर्थ मानावा लागेल, नाही का?

दुसरं, हा शब्द नेहमी कौतुकाचाच असतो असं मला दिसलेलं नाही. गंभीर चित्रप्रदर्शनाच्या परीक्षणात कुणी ‘व्हिम्झिकल’ लिहिलं की चित्रकार दुखावतो. त्यात ‘हलकंफुलकं आहे, फार मनावर घेऊ नका’ असं दडलेलं असतं.

आणि मला जे उदाहरण सगळ्यांत जवळचं वाटतं ते सांगतो, चित्रकार पॉल क्लेचं 1922 सालचं ‘चिवचिवणारं यंत्र’ हे चित्र, न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात असलेलं. एका तारेवर चार पक्षी बसलेत, तार एका हँडलला जोडलेली आहे. हँडल फिरवलं की पक्षी गाणार. पहिल्यांदा बघितलं की हसू येतं. मग लक्षात येतं की हे पक्षी उडू शकत नाहीत, आणि खाली खड्ड्यासारखं काहीतरी आहे. हसू जरा गोठतं. आता हे ‘व्हिम्झिकल’ की नाही? या चित्राचं वर्णन करणारे हा शब्द सर्रास वापरतात. काकांच्या कसोटीवर मात्र त्रास आहे, पक्ष्यांना!

खिळेजुळारी

रेषावेडा, फार चांगली हरकत आहे. क्लेचं चित्र आणून तुम्ही मला नीट विचार करायला लावलंत.

तारेवरच्या पक्ष्यांचा त्रास चित्राच्या आतला आहे. राजाच्या कायद्याचा त्रास ज्याच्यावर तो लादला त्याला आहे. क्ले बघणाऱ्यावर काही लादत नाही. तो एक नाजूक, हास्यास्पद यंत्र आपल्या हाती देतो आणि हँडल फिरवायचं की नाही ते आपल्यावर सोडतो. म्हणून मी तिथे ‘व्हिम्झिकल’ मान्य करतो, आणि त्यात काळजीची छटा मावते हेही मान्य करतो. निखळ गोडवा हा त्या शब्दाचा खालचा दर्जा आहे असंच मला वाटतं. नियम वाकवला की थोडी भीती आपोआप येते, कारण नियम वाकू शकतो हे दिसतं. पानगळताईंच्या मुंग्या काट्यावर झुलतायत. काटा पुढे सरकला की झोका कलणार. लहान मुलाला ते लगेच कळतं. मोठ्यांना गोंडस दिसतं.

गोंडसपणाच्या बाबतीत मी तुमच्याइतका सैल होणार नाही. शब्द लोक कसा वापरतात याची नोंद कोशानं घ्यावी, यात वाद नाही. पण भाषांतरकारानं समोरच्या वस्तूकडे बघावं. चित्रात नुसतं गोंडस असेल तर ‘गोंडस’ लिहावं, मूळ लेखकानं काहीही लिहिलेलं असो.

परीक्षणातल्या छटेबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. ‘व्हिम्झिकल’ हलक्या वजनाचा शब्द आहे. दुःखाच्या प्रसंगाला, कुणाच्या श्रद्धेला, कुणाच्या आयुष्यभराच्या कामाला तो लावला की अपमान होतो. वजन आणि मोल मात्र एक नव्हे. बार्सिलोनातल्या पार्क ग्वेल या बागेतला वास्तुकार गाउदींचा लांबलचक नागमोडी बाक आठवा, फुटक्या फरशांच्या रंगीत तुकड्यांनी मढवलेला. कुणीही त्याला ‘व्हिम्झिकल’ म्हणेल. पण त्या चौकावर पडणारं पावसाचं पाणी जमिनीतून झिरपून खालच्या खांबांच्या पोटातून टाकीत उतरतं, ही सगळी योजना त्याच माणसाची. मजा आणि हिशेब एकाच हातात होते. अशा कामाला ‘लहरी’ म्हणणाऱ्याला मी तरी हटकीन.

पानगळ

काका, रेषावेडा, सावळी, सगळ्यांचे आभार. हे वाचून मी चित्रं पुन्हा समोर घेऊन बसले.

प्रस्तावना पालकांसाठी आहे, पण मुलांना वाचून दाखवली जाईल अशी, साध्या भाषेत.

मी करून बघितलेले शब्द सांगते. ‘कल्पनारम्य’ घातलं तर चित्रं फार भव्य वाटायला लागतात, ढग, महाल, पऱ्या. ‘अद्भुत’चंही तेच. ‘गमतीदार’ चालतं, पण ते विनोदी चित्रालाही चालतं, त्यात घडवण्याची बाजू येत नाही. ‘चमत्कारिक’ मला आवडत होता, पण वाचल्यावर काहीतरी बिघडलंय असं वाटतं. ‘हौशी चित्रं’ लिहून बघितलं आणि लगेच खोडलं, कारण त्याचा अर्थ चित्रकार शिकाऊ आहे असा होतो. ‘हौस’ इतका नेमका शब्द आणि त्याचं विशेषण हातातून निसटलेलं!

राजाला ‘लहरी’ पक्का. टोप्यांना ‘तऱ्हेवाईक’ म्हणावं का? आणि हसू?

सावळी

हसण्यासाठी ‘मिश्कील’. ‘व्हिम्झिकल स्माइल’मध्ये किंचित तिरकेपणा असतो, काहीतरी मनातल्या मनात सुचलंय आणि सांगायचं नाहीये असा. कुत्सित नाही, खोटं नाही. आजी राजाला हसतेय पण त्याला दुखवत नाहीये. ‘मिश्कील’ यात जवळजवळ सगळं येतं. ‘खट्याळ’ नको, तो लहान मुलाचा आहे.

एक जाता जाता विचारते. ‘क्विक्झॉटिक’ही याच गटातला ना? मला दोन्ही नेहमी एकत्र आठवतात.

खिळेजुळारी

नाही, सावळी. तो स्पॅनिश कादंबरीतल्या पवनचक्क्यांवर चालून जाणाऱ्या सरदाराच्या, डॉन किहोतेच्या, नावावरून आला. त्यात ध्येय असतं, उदात्त आणि अशक्य. ‘व्हिम्झिकल’ला कुठे पोचायचंच नसतं. तुम्हाला दोन्ही एकत्र आठवतात ते बहुधा पवनचक्कीमुळे. आजीच्या टोपीवरची चक्की कुणाशी लढत नाही.

‘मिश्कील’ला माझं अनुमोदन. त्याहून चांगला मिळणार नाही.

पानगळताई, ‘तऱ्हेवाईक टोप्या’ वाईट नाही, पण ‘तऱ्हेवाईक’ म्हणणारा माणूस टोपीपासून दोन पावलं मागे सरकलेला असतो, त्यात नापसंतीचा वास आहे. गोष्ट सांगणाऱ्याला आजी आवडते, हे लक्षात घ्या. मी ‘तऱ्हेतऱ्हेच्या, मौजेच्या टोप्या’ म्हणेन. ‘मौजेच्या’ हे षष्ठीचं रूप विशेषणाचं काम करतं आणि ‘हौशी’सारखं अर्थ पलटवत नाही. आजीच बोलत असेल तर आणखी सोपं: ‘माझ्या हौसेच्या टोप्या’. ‘हौशी’ गेला म्हणून वाईट वाटून घेऊ नका, ‘हौसेचा’ शाबूत आहे. हौसेची बाग, हौसेचा झोपाळा, सगळं चालतं.

‘चमत्कारिक’बद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. संस्कृत काव्यशास्त्रात ‘चमत्कार’ म्हणजे रसिकाला होणारा विस्मयाचा आनंद. ‘चमत्कृती’ आपण अजून त्याच अर्थानं वापरतो, कल्पनेतली चमत्कृती, शब्दांची चमत्कृती. ‘चमत्कारिक’ मात्र मराठी बोलण्यात विचित्राकडे सरकला. पालकांसाठी जरा वरच्या पट्टीत लिहायचं असतं तर ‘चमत्कृतीपूर्ण चित्रं’ मी सुचवलं असतं. मोठ्यानं वाचायच्या प्रस्तावनेत ते जड पडेल.

तिथे मी विशेषणाचा नादच सोडेन. इंग्रजीला विशेषण मागे लावून पुढे जाण्याची सवय आहे, मराठी वाक्य क्रियेवर चालतं. ‘व्हिम्झिकल इलस्ट्रेशन्स’ऐवजी ‘चित्रकाराने मोठ्या हौसेने रंगवलेली ही चित्रं बघा, इथे ढगालाही शिडी लागते’ असं काहीसं. मूळ वाक्य कसं आहे ते माहीत नसल्यामुळे हा फक्त नमुना समजा. पण त्यात ‘हौस’ आली, नियम वाकला तेही आलं, आणि ऐकणारं मूल लगेच पान उलटून शिडी शोधायला लागेल.

संपादकांच्या ‘एक शब्द, एक प्रतिशब्द’ या नियमाबद्दल. कायद्याच्या, औषधाच्या, यंत्रांच्या मजकुरात हा नियम सोन्यासारखा आहे, तिथे तो मोडू नये. गोष्टीत तो जर कशासाठी पाळायचा असेल, तर मूळ लेखकानं मुद्दाम तोच शब्द फिरवून वापरला असेल तेव्हा. म्हणून एक तपासा. आजी आणि राजा दोघांनाही एकच शब्द लावण्यात लेखकाचा काही डाव आहे का? आजीची मौज आणि राजाचा कहर एकाच शब्दात बसतात, हे मुलांना दाखवायचं असेल, तर तो धागा मराठीतही कुठेतरी दिसायला हवा.

पानगळ

काका, हा प्रश्न तुम्ही विचारलात आणि मी लगेच पुस्तक उघडलं. डाव आहे! शेवटून दुसऱ्या पानावर राजा आजीला म्हणतो, की आपण दोघं एकसारखेच ‘व्हिम्झिकल’. आजी उत्तर देत नाही. पान उलटलं की ते हसू.

आता? तिथे ‘लहरी’ घातलं तर राजाचं वाक्य नीट लागतं, पण आजीच्या टोप्यांशी दुवा तुटतो. ‘हौसेचे’ घातलं तर राजा स्वतःला फारच सभ्य ठरवतो.

रेषावेडा

राजानं स्वतःला सभ्य ठरवू द्या की. लहरी माणूस स्वतःला लहरी कधीच म्हणत नाही. तो म्हणेल, ‘आजी, आपण दोघं सारखेच हौशी.’ मुलांनी आधीच्या पानांवर त्याला ‘लहरी राजा’ म्हणून ऐकलेलं असेल. त्याच्या तोंडी ‘हौशी’ आलं की आजीला हसू का आलं ते त्यांना सांगावं लागणार नाही.

खिळेजुळारी

वा! हेच घ्या, पानगळताई. आणि इथे ‘हौशी’ माणसाला लागतोय, चित्राला नव्हे, त्यामुळे शिकाऊपणाचा अर्थ आड येत नाही. हौशी माणूस म्हणजे हौसमौज करणारा, सगळ्यांना कळतं.

फक्त आधीच्या पानांवर टोप्यांना ‘हौसेच्या’ असाच शब्द ठेवा, ‘मौजेच्या’ नको. नाहीतर राजाचं वाक्य कुठल्या शब्दाला धरून आहे ते कळणार नाही. माझी आधीची सूचना तेवढी बदला.

पानगळ

ठेवते. म्हणजे टोप्या ‘हौसेच्या’, राजा कथनात ‘लहरी’ आणि स्वतःच्या तोंडून ‘हौशी’, हसू ‘मिश्कील’, प्रस्तावनेत ‘हौसेने रंगवलेली’. एका शब्दाचे तीन झाले, पण ‘हौस’ तीन ठिकाणी येते, त्यामुळे संपादकांनाही समजावता येईल. उद्या हा धागाच त्यांना पाठवते.

सावळी, प्रस्तावनेत आणखी एक ‘व्हिम्झिकली नेम्ड’ आत्ता सापडलं, मांजराच्या नावाबद्दल. मांजराचं नाव ‘मंगळवार’ आहे. ‘हौसेनं मंगळवार नाव ठेवलेलं मांजर’ की ‘गमतीनं’?

सावळी

‘गमतीनं’. नाव ठेवायला हौस लागते ती बारशाची. मांजराला मंगळवार म्हणणं ही गंमत आहे.